उपग्रहाद्वारे घरी इंटरनेट : अपेक्षा आणि वस्तुस्थिती

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासन आणि स्टारलिंक ही अमेरिकन कंपनी यांच्यात एक इरादापत्र झाले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम यांसारख्या जिल्ह्यांच्या दुर्गम भागांतील शासकीय संस्था, ग्रामीण वस्त्या आणि महत्त्वाच्या सार्वजनिक सुविधा यांना उपग्रहामार्फत इंटरनेट पुरवावे, असा त्यामागील विचार आहे. अशी बातमी खेडोपाडी पोचली की एक प्रश्न साहजिकच विचारला जातो : आता टॉवरची आणि तारेची वाट पाहण्याचे कारण उरले नाही का? शाळेच्या, आरोग्य उपकेंद्राच्या किंवा घराच्या छपरावर एक छत्री बसविली की काम झाले का?

या प्रश्नाचे उत्तर काही ठिकाणी 'होय' आहे आणि बऱ्याच ठिकाणी 'नाही' आहे. कोठे होय आणि कोठे नाही, हे ठरविणारी कारणे जाहिरातीत सापडत नाहीत. ती आकाश, अंतर आणि वाटणी यांच्या साध्या हिशेबात आहेत. हा हिशेब विशेषज्ञांवर सोपवून मोकळे होणे योग्य नव्हे. ज्या पाड्यावर शिधापत्रिकेवरील धान्यासाठी अंगठा उमटविण्याचे यंत्र 'रेंज' नाही म्हणून अडते, तेथे संच घ्यावा की न घ्यावा हा ठराव अखेर ग्रामपंचायतीच्याच सभेपुढे येणार आहे.

जुनी ओळख

उपग्रह ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. तेथील प्रचंड तबकडीचा व्यास तीस मीटरांच्या जवळपास होता. डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव त्या केंद्राला दिले गेले. परदेशाशी होणारी दूरध्वनी संभाषणे त्या काळी या मार्गाने जात-येत असत.

त्यानंतर १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर शैक्षणिक दूरचित्रवाणीचा 'साईट' हा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम थेट पोचविण्यात आले. महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता. तथापि त्या प्रयोगाचा एक धडा आज येथेही उपयोगी पडणारा आहे. खेड्यातील तबकडी तीन मीटर व्यासाची आणि खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची होती. ती स्वस्त होती आणि कामही चोख देत असे. परंतु संच चालू राहावेत यासाठी ठिकठिकाणी दुरुस्ती केंद्रे, वाहने आणि तंत्रज्ञ यांची व्यवस्था उभी करावी लागली. आकाशातील भागाचे कौतुक सर्वांनी केले. जमिनीवरील या व्यवस्थेचे मात्र फारसे कोणी केले नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 'निकनेट'द्वारे जिल्ह्यांची मुख्यालये उपग्रहाने जोडली, तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयांच्या आवारात दिसू लागलेल्या लहान तबकड्या जुन्या कर्मचाऱ्यांना आठवत असतील.

दूरचित्रवाणी आणि इंटरनेट यांत मात्र एक मूलभूत फरक आहे. दूरचित्रवाणीची तबकडी केवळ ऐकते. इंटरनेटच्या तबकडीला ऐकावे लागते तसेच बोलावेही लागते. घरगुती ग्राहकासाठी अमेरिकेत १९९६ मध्ये 'डायरेकपीसी' ही सेवा निघाली. तिच्यात माहिती उपग्रहावरून घरी येत असे, पण घरातून जाणारी मागणी साध्या टेलिफोनच्या तारेने पाठवावी लागे. म्हणजे उपग्रह-इंटरनेट घेण्यासाठी आधी घरी फोन असणे आवश्यक होते! घरच्या तबकडीनेच उपग्रहाकडे संदेश पाठविण्याची सोय पुढे आली.

अंतराचा हिशेब

आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये एका लेखात दाखवून दिले होते की, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाच्याच गतीने फिरेल आणि जमिनीवरून पाहणाऱ्याला एका जागी स्थिर भासेल. अशा भूस्थिर उपग्रहाचा मोठा लाभ म्हणजे तबकडी एकदा त्याच्याकडे रोखून घट्ट बसविली की पुन्हा हलवावी लागत नाही. दूरचित्रवाणीच्या छत्र्या सगळ्या दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या दिसतात, त्याचे कारण हेच.

परंतु या उंचीची किंमत वेळेच्या रूपाने द्यावी लागते. विद्युतचुंबकीय लहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. घरातून मागणी वर जाणार, उपग्रहावरून भूकेंद्राकडे खाली येणार, तेथून उत्तर पुन्हा वर जाणार आणि घरी उतरणार. हे चार टप्पे मिळून सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर होतात, आणि त्यासाठी जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. हा अर्धा सेकंद कोणत्याही सुधारणेने कमी करता येणार नाही, कारण प्रकाशाहून वेगवान असे काही नाही. एखादी चित्रफीत उतरवून घेताना हा विलंब जाणवतही नाही. धान्य दुकानातील यंत्रावर अंगठा जुळविणे, दाखल्यासाठी अर्ज पाठविणे, शाळेची हजेरी कळविणे ही कामेही त्याने अडत नाहीत. त्यांत माहिती थोडी असते आणि क्षणभर थांबल्याने बिघडत नाही. मात्र उपकेंद्रातील परिचारिका रुग्णाला पुढे बसवून जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांशी दृक्-श्राव्य संभाषण करू लागली, म्हणजे हाच अर्धा सेकंद त्रासदायक होतो. दोघेही एकदम बोलू लागतात, दोघेही एकदम थांबतात. अशा उपग्रहाचा संच घेताना आपल्या गावी काम कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी ठरवावयास हवे.

या विलंबावर उपाय म्हणून उपग्रह खाली आणण्याची कल्पना पुढे आली. स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह मे २०१९ मध्ये सोडण्यात आले, आणि २०२५ पर्यंत त्यांची संख्या सात हजारांच्या पुढे गेली. ते पाचशे-साडेपाचशे किलोमीटर उंचीवर फिरतात. तेवढ्या उंचीवर वर उल्लेखिलेल्या चार टप्प्यांना सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. जमिनीवरील प्रवास धरूनही विलंब साधारणपणे सेकंदाच्या काही शतांशांतच राहतो. संभाषणाला एवढा वेग पुरेसा आहे. वनवेब या दुसऱ्या सेवेचे उपग्रह सुमारे १,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांपैकी ७२ उपग्रह भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मधील दोन उड्डाणांत श्रीहरिकोट्याहून सोडले गेले, ही अभिमानाची गोष्ट होय.

खाली आलेला उपग्रह मात्र स्थिर राहत नाही. पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरचा उपग्रह सुमारे दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करतो आणि कोणत्याही एका गावाच्या आकाशात काही मिनिटेच असतो. एक मावळला की दुसऱ्याला धरावे लागते. म्हणूनच ते हजारोंनी लागतात. छपरावरची चपटी तबकडी न हलता, आतील असंख्य लहान अँटेनांच्या साहाय्याने आपला रोख विद्युत्-पद्धतीने बदलीत राहते. तिला एका दिशेचा झरोका पुरत नाही, आकाशाचा मोठा भाग मोकळा लागतो. या गोष्टीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

वाटणीचा हिशेब

विलंबाचा प्रश्न सुटला तरी वाटणीचा प्रश्न उरतोच. उपग्रह-इंटरनेटविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ येथे आहे.

भारताचा जीसॅट-एन२ हा दळणवळण उपग्रह १९ नोव्हेंबर २०२४ रोजी अवकाशात गेला. त्याची एकूण क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट, म्हणजे ४८,००० मेगाबिट इतकी सांगितली जाते. ही ३२ झोतांत विभागलेली असून त्यांपैकी आठ झोत ईशान्य भारतासाठी आहेत. आकडा मोठा वाटतो. पण एका घराला एका वेळी १० मेगाबिट द्यावयाचे ठरविले तर ४,८०० घरांतच तो संपतो. सगळी घरे एकाच क्षणी मागणी करीत नाहीत, म्हणून वीसपट जोडण्या द्याव्यात असे धरले तरी संपूर्ण देशात एक लाखाच्या आतबाहेर घरे होतील. देशात गावेच सहा लाखांहून अधिक आहेत. याउलट, केसाएवढ्या जाडीच्या ऑप्टिकल फायबरच्या एका जोडीतून याहून कितीतरी पट अधिक माहिती वाहते, आणि एका केबलमध्ये असे अनेक तंतू असतात.

खालच्या कक्षेतील हजारो उपग्रहांची एकूण क्षमता याहून पुष्कळ मोठी आहे, यात शंका नाही. परंतु तो उपग्रह आपल्या आयुष्याचा बराचसा काळ समुद्रावरून फिरण्यात घालवितो, आणि ज्या क्षणी तो एखाद्या मुलखावर येतो त्या क्षणी तेथील सर्व ग्राहकांना त्याच्याच ओंजळीतून प्यावे लागते. दाट वस्तीत ही ओंजळ पुरत नाही. विखुरलेल्या वस्तीत ती पुरून उरते. अमेरिकेतील ग्रामीण ग्राहकांनी पूर्वीच्या भूस्थिर सेवांत याचा अनुभव घेतलेला आहे : ठरावीक मर्यादेपलीकडे वापर गेला की 'रास्त वापरा'च्या नियमाखाली वेग उतरविला जात असे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये केलेल्या शिफारशींतही हा विचार डोकावतो. उपग्रह सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून समायोजित सकल महसुलाच्या ४ टक्के आकार घ्यावा, आणि खालच्या कक्षेतील सेवेच्या प्रत्येक शहरी ग्राहकामागे वर्षाला आणखी ५०० रुपये घ्यावेत, असे त्यात सुचविले होते. ग्रामीण ग्राहकांवर हा जादा आकार सुचविलेला नव्हता. शहरातील सदनिकेच्या गच्चीवर अशी तबकडी लावणे हा हौसेचा भाग झाला. पर्लकोटेला पूर आला की ज्या भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो, तेथील गरज निराळी आहे.

तार आणि तबकडी

अंदमान आणि लक्षद्वीप ही बेटे दीर्घकाळ उपग्रहावरच अवलंबून होती. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईपासून अंदमानपर्यंत सुमारे २,३०० किलोमीटरची सागरी केबल कार्यान्वित झाली. जानेवारी २०२४ मध्ये कोची ते लक्षद्वीप केबलचे उद्घाटन झाले, तेव्हा बेटांची क्षमता १.७ गिगाबिटवरून २०० गिगाबिटवर जाईल, असे शासनाने सांगितले. भर समुद्रातील बेटांनीसुद्धा उपग्रह हाताशी असताना तारेची वाट पाहिली आणि तिचे स्वागत केले, याचा अर्थ उघड आहे.

याची दुसरी बाजूही आहे. जानेवारी २०२२ मध्ये पॅसिफिक महासागरातील टोंगा येथे ज्वालामुखीच्या उद्रेकाने सागरी केबल तुटली आणि ती जोडण्यास सुमारे पाच आठवडे लागले. त्या काळात त्या राष्ट्राचा जगाशी जो काही संबंध राहिला तो उपग्रहांमुळे. महाराष्ट्रात जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणला वीज गेली आणि दूरध्वनी सेवाही कोलमडली. अशा प्रसंगी तहसील कार्यालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात जनित्रावर चालणारी एक तबकडी असणे म्हणजे मदतकार्याला डोळे आणि कान असणे होय.

तात्पर्य, तबकडीची खरी जागा दोन ठिकाणी आहे : जेथे तार पोचलेली नाही अशा विखुरलेल्या वस्तीत, आणि जेथे तार आहे पण ती तुटल्यास प्राणावर बेतेल अशा कार्यालयांत. भारतनेट योजनेखाली ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचे काम ज्या राष्ट्रीय प्रकल्पातून निघाले त्याला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. काही अतिदुर्गम पंचायतींसाठी त्यातही उपग्रहाचीच योजना होती. मात्र पंचायतीपर्यंत आलेली तार आणि तिच्या हद्दीतील पाच मैलांवरचा पाडा यांत अंतर उरतेच, आणि सातपुड्यात ते अंतर डोंगराचे असते. तेथे तबकडी जरूर बसावी. धोका वेगळाच आहे : एकदा छपरावर छत्री दिसली की त्या गावाचे नाव 'जोडलेले' म्हणून कागदावर चढते आणि मग तार, टॉवर यांच्या यादीतून अलगद गळते. पंचायत सदस्यांनी संचाची मागणी करताना तारेची मागणी कायम असल्याची नोंद त्याच ठरावात करून घ्यावी. नाही तर तात्पुरत्या सोयीवरच गावाची बोळवण होण्याची भीती आहे.

परवान्यासंबंधी

नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने नागरिकांना सावध केले होते की, स्टारलिंकला भारतात परवाना मिळालेला नसून कोणी तिच्याकडे आगाऊ नोंदणी करू नये. नंतर कंपनीला घेतलेले पैसे परत करावे लागले. वनवेब आणि जिओ-एसईएस यांच्या पाठोपाठ स्टारलिंकला हा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला आणि जुलै २०२५ मध्ये 'इन-स्पेस' या अवकाशविषयक संस्थेची मान्यता मिळाली. परंतु परवाना मिळणे आणि सेवा घरी पोचणे यांमध्ये लहरींचे वाटप, देशात भूकेंद्रांची उभारणी आणि सुरक्षाविषयक तपासणी असे टप्पे असतात. म्हणून कोणी गावात येऊन 'एजन्सी देतो', 'नोंदणी करून घ्या' असे सांगून रक्कम मागू लागल्यास ती देऊ नये. आधी कंपनीचे अधिकृत पत्र पाहावे आणि तहसील कार्यालयात चौकशी करावी. परदेशातून आणलेला संच येथे परस्पर चालविणे बेकायदेशीर आहे. शिक्षकांनी ही गोष्ट पालकसभेत सांगितली तर पुष्कळांचे पैसे वाचतील.

छपरावरील काम

संच मिळाल्यावर काय, याचा विचार आधीच व्हावा. खालच्या कक्षेच्या सेवेची घरगुती तबकडी आणि तिचा राउटर मिळून साधारणपणे ७५ वॅट वीज घेतात. रात्रंदिवस चालू ठेवल्यास दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४ युनिट होतात. शाळेला हा भार जड नाही. परंतु ज्या घरात दोन दिवे आणि एक पंखा एवढाच वापर आहे, तेथे वीजबिल दुप्पट होऊ शकते. रात्री संच बंद ठेवण्याचा साधा नियम केला तरी एक तृतीयांश वीज वाचते. जेथे सौर पॅनेल आणि बॅटरीवर भिस्त ठेवावयाची आहे, तेथे हिशेब मे महिन्याच्या उन्हाचा न धरता आषाढ-श्रावणातील ढगाळ आठवड्याचा धरावा. अडचण अशी की तोच आठवडा उपग्रहाच्या लहरींनाही कठीण जातो. या सेवांच्या उच्च कंप्रतेच्या लहरी मुसळधार पावसात थेंबांनी शोषल्या जातात आणि जोराच्या सरीत संपर्क काही मिनिटे तुटतो. सर ओसरली की तो परत येतो, यास्तव यंत्र बिघडले असे समजून कोणी ते उघडू नये. ज्या दिवशी नदीला पूर येतो आणि रस्ता बंद होतो, त्याच दिवशी बॅटरी रिकामी असण्याचा संभव अधिक, हे जाणून आरोग्य उपकेंद्रासाठी बॅटरी हिशेबापेक्षा मोठीच घ्यावी.

मासिक आकार कोण भरणार, हा प्रश्न पहिल्याच सभेत विचारावा. संच अनुदानात येतो. आकार दर महिन्याला येतो. शाळेतील संगणक वीजबिलाअभावी बंद पडल्याची उदाहरणे बहुतेक तालुक्यांत सापडतील. चार-सहा घरे, शाळा आणि अंगणवाडी यांनी मिळून एक जोडणी वापरल्यास भार विभागला जातो. तशी वाटणी कंपनीच्या अटींत बसते की नाही, हे मात्र करारापूर्वी लेखी विचारून घ्यावे. उंच जागी बसविलेल्या तबकडीला अर्थिंग असावे. केबल उंदरांनी कुरतडू नये म्हणून ती नळीतून न्यावी. संच बिघडल्यास तो कोणाकडे, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने बदलून मिळेल, याचे कलम करारात असावे.

जागेची निवड करताना सातपुड्यातील आणि गडचिरोलीतील वनवस्त्यांनी एक काळजी विशेष घ्यावयाची आहे. अशा पाहण्या बहुधा आर्थिक वर्षाच्या अखेरीस, मार्च-एप्रिलमध्ये होतात. त्या वेळी सागाची पाने गळालेली असतात आणि छपरावरून आकाश चहूबाजूंनी मोकळे दिसते. जुलैत तेच साग सुपाएवढ्या पानांनी भरतात, आणि भिजलेली पाने लहरींना कोरड्या फांद्यांपेक्षा कितीतरी अधिक अडवितात. त्यामुळे एप्रिलमध्ये जागा ठरविताना झाडे पानांनी भरलेली आहेत असे समजूनच मोकळे आकाश मोजावे. तेवढे आकाश छपरावर मिळत नसेल, तर घरापासून दूर उघड्या माळावर खांब रोवून केबल घरापर्यंत आणावी. त्यासाठी लांब केबल लागेल, आणि तिची मागणी संचाच्या मागणीपत्रातच नोंदवावी.